पाचवा खडा

आसेगाव, तालुका मंगरूळ
५ डिसेंबर १९२६

चिरंजीव इंद्रभान यास मावशीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र सव्वा महिन्यानं पोचलं. पोस्टमन पाकिटावरचं जपानी तिकीट मागत होता. मी म्हटलं, आधी मला वाचू दे, मग तिकीट ने. ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. निम्मं गाव ऐकायला आलं होतं, उरलेल्या निम्म्याला मी संध्याकाळी जाऊन सांगितलं.

तू लिहितोस की कोबे बंदरात आपल्या वऱ्हाडच्या कापसाच्या गाठी उतरतात. तू गाठीतून चिमूटभर रुई काढतोस, दोन बोटांत ताणतोस आणि धागा कसा निघेल ते सांगतोस, आणि गिरणीवाले तुझ्या शब्दावर माल घेतात. अरे, ती बोटं कुणी घडवली? पाच वर्षांचा असताना तुझी आई गेली आणि तू माझ्या पदरात आलास. वेचणीला मी तुला कपाशीत, पराटीच्या ओळीत बसवून द्यायची, आणि तू दिवसभर बोंडातला कापूस ओढून पाहायचास. तेव्हा वाटायचं, पोरगं नासधूस करतंय. आता कळतं की शिकत होतास.

मागल्या महिन्यात सीतादही केली. तिकडं विसरला असशील म्हणून लिहिते. वेचणीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांत भरलेली पराटी निवडायची, तिच्याखाली पाच खडे मांडायचे, शेंदूर लावायचा, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि मगच पहिलं बोंड वेचायचं. माझ्या हाताखाली ह्या वर्षी चाळीस बायका आहेत. एकीच्याही ओटीत काडीकचरा सापडायचा नाही. पुंजाजीनं मात्र ह्याही वर्षी वजनासाठी कापसावर पाणी मारलं. मी चावडीपुढं त्याला विचारलं, "पुंजाजी, कापूस इकून राह्यला का पानी?" सगळे हसले. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे, माझं काही अडत नाही.

कापसाच्या बैलबंडीबरोबर मी कारंज्यापर्यंत गेले होते. तिथल्या गाठी बांधायच्या प्रेसात जमशेद भेटला. हे, म्हणजे तुझे काका, मास्तर होते त्या शाळेत तुझ्या पुढं बसायचा तोच. आता दाबाच्या पेटीत रुई भरण्याचं काम त्याच्याकडं आहे. जपानला जायची रुई कुठली, ते त्यानं मला दाखवलं.

आणि एक गंमत. तुला एक वस्तू पाठवली आहे. टपालानं नाही. काय, ते सांगणार नाही. हाती आली की आपोआप ओळखशील.

तुझी मावशी
प्रयागबाई


कोबे, जपान
२० जानेवारी १९२७

तीर्थरूप मावशीस इंद्रभानचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून दोन दिवस आसेगावातच होतो. पुंजाजीकाकांचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि पेढीवर बसल्या बसल्या हसू फुटलं. शेजारचा कारकून विचारू लागला. त्याला जपानीत कसं सांगणार?

इथं थंडी अशी की सकाळी माठातलं पाणी काचेसारखं होतं. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, आणि मधल्या पट्टीवर वखारीच वखारी. आमच्या वखारीत अमेरिकेच्या गाठी, मिसरच्या गाठी आणि आपल्या गाठी एकीला एक लागून उभ्या असतात. आपल्यांवर कारंज्याच्या प्रेसचा शिक्का दिसला की मी हात फिरवल्याशिवाय पुढं जात नाही.

गेल्या आठवड्यात ओसाकाच्या एका मोठ्या गिरणीत गेलो होतो. कामाला बहुतेक मुलीच आहेत, पंधरा-सोळा-सतरा वर्षांच्या, खेड्यांतून आलेल्या. गाठ फोडायची, रुई मोकळी करून यंत्रात घालायची, हे त्याच करतात. मला नवल वाटलं. तिकडून बायकांच्या बोटांनी वेचलेला कापूस अर्धं जग ओलांडून येतो आणि इकडं पुन्हा बायकांच्याच बोटांत पडतो. त्यांच्या साहेबाला मी छाती ठोकून सांगितलं की ह्या शिक्क्याची गाठ डोळे मिटून घ्या, ती माझ्या माणसांनी वेचली आहे.

तुझी गंमत अजून हाती आलेली नाही. कुणा माणसाबरोबर पाठवली आहेस का? निदान खायची आहे की ठेवायची, एवढं तरी कळव.

तुझा
इंद्रभान


आसेगाव
६ मार्च १९२७

चिरंजीव इंद्रभान यास आशीर्वाद.

ठेवायची आहे. याहून जास्त विचारू नकोस. बंडी कारंज्याला दिवसात पोचते, पण पुढं आगगाडी, मग मुंबई, मग जहाज. धीर धर.

उलंगवाडी झाली. शेवटची वेचणी उरकून बायकांनी पराटीला हळदकुंकू वाहिलं. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा मोतीबाई म्हणाली, त्या पोरींनाही आपल्यासारख्या बोटांना चिरा पडत असतील का? तांड्यावरची मोतीबाई, माझ्या टोळीत सगळ्यांत चलाख हात तिचा. मी म्हटलं, त्यांच्याकडं काटेरी बोंड नाही, तयार रुई जाते, त्यांचं काय दुखायचं. सगळ्या जणी हसल्या. त्या पोरींना आमच्या चाळीस जणींचा रामराम सांग, आणि म्हणावं, आमचा कापूस आंधळ्यानं हाताळला तरी ओळखू येईल इतका निर्मळ आहे.

तुझी मावशी


कोबे
२ मे १९२७

तीर्थरूप मावशीस साष्टांग नमस्कार.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. हे कुणाला वाचून दाखवू नकोस.

मागल्या पत्रात जिच्याबद्दल लिहिलं होतं त्याच गिरणीत गेल्या पंधरवड्यात आग लागली. रुई मोकळी करायच्या यंत्रात लोखंडी दाते जोरात फिरतात. त्यात काही कठीण गेलं की ठिणगी उडते, आणि भोवती सगळी उडती रुई. डोळ्याचं पातं लवायच्या आत पेट घेतला. हारू नावाची सतरा वर्षांची मुलगी यंत्रात रुई घालत होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. जीव वाचला. हात कितपत वाचतील हे डॉक्टर सांगत नाहीत.

यंत्राच्या दातांत लिंबाएवढा काळा दगड सापडला. गाठीवर कारंज्याचा शिक्का होता. साहेबानं मला बोलावून तो माझ्या हातावर ठेवला. एका अंगाला लाल डाग होता. साहेब म्हणाला, गंज असेल. मावशी, तो गंज नव्हता. शेंदराचा वास मला झोपेतही कळेल.

मी म्हटलं, काय असावं कळत नाही. माझ्या तोंडून एवढंच निघालं. ज्या माणसानं जानेवारीत छाती ठोकली होती, त्याला एप्रिलात एक दगड ओळखता आला नाही.

आमच्या पेढीनं कारंज्याच्या प्रेसला तार केली आहे, की वजन वाढवायला गाठीत दगड कोण घालतं ते शोधा, नाहीतर पुढल्या हंगामात ह्या शिक्क्याचा माल बंद. तू मला काय पाठवलं होतंस ते लिही. फक्त मला लिही.

इंद्रभान


आसेगाव
१२ जुलै १९२७

चिरंजीव इंद्रभान यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. त्या पोरीचं वाचून वाईट वाटलं. परक्या मुलखातली असली तरी कुणाची तरी लेकच.

मी काय पाठवणार? आशीर्वाद पाठवला होता, म्हटलं कापसाबरोबर पोचेल. म्हाताऱ्या बाईची गंमत. शेंदूर काय गावोगाव लावतात, आणि दगडांना वऱ्हाडात तोटा नाही. पुंजाजीसारखे पाणी मारणारे लोक आहेत, ते उद्या दगडही घालतील. मी कुणाचं नाव घेत नाही.

जमशेदला प्रेसातून काढलं. पेटीत रुई तोच भरतो, तेव्हा शेवटची नजर त्याची, असं मॅनेजरचं म्हणणं. तो काही बोलला नाही म्हणतात. मुकाट्यानं घरी गेला.

तूर बरी आहे. माझी प्रकृती बरी. जेवण जात नाही, पण वयच झालं आता.

तुझी मावशी


कोबे
३ सप्टेंबर १९२७

तीर्थरूप मावशीस साष्टांग नमस्कार.

तू खोटं लिहिलंस असं मी म्हणणार नाही. म्हणायला मला तोंड नाही. मीही इथं तेच केलं होतं.

पण तुझं पत्र आलं आणि मला जमशेदची शाळेतली पाठ आठवू लागली. काका रागावले की तो माझी चूक स्वतःवर घ्यायचा, कारण काका त्याला मारत नसत आणि मला मारत. शेवटी एका रविवारी मी उठलो आणि हारूला भेटायला गेलो.

ती आता दवाखान्यातून गिरणीच्या वसतिगृहात आली आहे. हातांवरच्या पट्ट्या निघाल्या आहेत. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. मी माझ्या मोडक्या जपानीत सगळं सांगितलं. म्हटलं, तो दगड मी ओळखला होता. आमच्याकडं कपाशीच्या झाडाखाली देव म्हणून ठेवतात. बहुधा माझ्या मावशीनं माझ्यासाठी पाठवला. मी तिच्या शिव्या खायला गेलो होतो, मावशी.

तिनं मला उशाखालून एक फडकं काढायला सांगितलं. त्यात तो दगड होता. साहेबानं तो फेकायला सांगितलं होतं, पण तिनं यंत्र साफ करणाऱ्याकडून मागून घेतला होता. म्हणाली, आमच्या गावाबाहेर भाताच्या शेतांच्या वाटेवर दगडाचे लहान देव असतात. त्यांना आम्ही जिझो म्हणतो, गळ्यात लाल कापड बांधतो. ह्याच्यावर लाल पाहिलं तेव्हाच मला वाटलं की हा कुणाचा तरी देव आहे, कुणाच्या तरी भेटीला निघाला होता.

मी निघायला उठलो, तेव्हा तिनं थांबवलं. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो: "तुमच्या मावशींना सांगा, मी रागावले नाही. पण रुईच्या दुसऱ्या टोकाला आमचे हात असतात, एवढं त्यांनी ध्यानात ठेवावं."

मी पेढीला कळवलं आहे की दगड लबाडीचा नाही, पूजेचा आहे. ते हसले. म्हणतात, गाववाल्यांची बाजू घेतोस, घालणाऱ्याचं नाव सांग. नाव मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते सांगायचं असेल तर तिथूनच सांगितलं गेलं पाहिजे, आणि जमशेदला परत कामावर घ्यायला दुसरा कुठलाही मार्ग नाही.

तू काहीही केलंस तरी माझी मावशीच राहशील. एवढंच.

इंद्रभान


आसेगाव
६ नोव्हेंबर १९२७

चिरंजीव इंद्रभान यास.

आशीर्वाद मागाहून देते. आधी ऐक.

खडा मी ठेवला. सीतादहीच्या पाचातला मधला, तुझ्या आईनं तिच्या पहिल्या वेचणीला नदीतून आणलेला. वाटलं, पोरगं इतक्या लांब एकटं आहे, त्याच्यापाशी आपल्या शेतातला देव असावा. जपानची रुई दाखव म्हणून जमशेदला म्हटलं आणि त्याची पाठ वळली तेव्हा पेटीत सारला. तू हात घालशील त्याच गाठीतून निघेल, असं मला खरंच वाटलं होतं. जग इतकं मोठं आहे हे तू लिहीत होतास आणि मी मोठ्यानं वाचत होते, पण माझ्या डोक्यात ते आसेगावच्या बाजाराएवढंच होतं. माल गेला की तिकडं तू उभा. मधे दुसरं कुणी नाही.

जुलैत खोटं लिहिलं ते शिक्षेच्या भीतीनं नाही, माझ्या तोऱ्यापायी लिहिलं. गावात पाणी मारणाऱ्याला हसणारी मी. माझ्याच हातानं आग लागली हे कोणत्या तोंडानं सांगू?

त्या पोरीचा निरोप वाचला आणि दुसऱ्या दिवशी बंडी मागायला गेले. मुद्दाम पुंजाजीकडंच गेले. म्हटलं, मी तुझ्याबद्दल इंद्रभानला वाईट लिहिलं, दगड तू घातला असशील असं सुचवलं, आणि घातला मी. तो बैल जुपायला उठला. कारंज्यापर्यंत त्यानं स्वतःच बंडी हाकली. पोचल्यावर म्हणाला, "मी पन येतो आत. एकटी काहून जातं?"

प्रेसच्या आवारात वीस-पंचवीस माणसं होती. मॅनेजर कचेरीत बोलवत होता. मी म्हटलं, जमशेदला सगळ्यांदेखत काढलं ना, मग मीही इथंच बोलते. आणि सांगितलं, "तो खडा म्या ठेवला. याच हातानं. जमशेदनं नाई. त्याले कामावर घ्या, आन् जे लिवून पाह्यजे ते मी लिवून देतो." मॅनेजरला वाटलं, बाई अंगठा देईल. तुझ्या काकांनी गिरवून घेतलेल्या अक्षरात मी सगळी हकीकत लिहिली, खाली नाव घातलं, गावाचं नाव घातलं. कागद तुमच्या पेढीकडं गेला आहे. सही केली आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा ताठ उभी राहिले असं वाटलं.

मग जमशेदच्या घरी गेले. बिचारा बापाचं जुनं पिंजण काढून गाद्या-रजया भरत बसला होता. मी पाया पडायला वाकले, तर त्याची बायको लतीफा मधे आली आणि मला धरून बाजेवर बसवलं. मी म्हटलं, तुला ठाऊक नव्हतं ना रे? तो खाली पाहून म्हणाला, "ठाव होतं, मावशी. म्या पाह्यलं होतं. तुमी डोये मिटून ठेवून राह्यल्या होत्या. मले वाटलं, नवसाचं असन. नवसाच्या हाताले हात कसा लावू?" मी विचारलं, मग नाव का सांगितलं नाहीस? म्हणाला, "मास्तरच्या घरचं नाव मी घेऊ का?"

इंद्रभान, मी तिथं रडले. लपवत नाही.

त्याला कामावर घेतलं. सोमवारपासून जातो.

ह्या वर्षीच्या सीतादहीला चाळीस जणींपुढं मी सगळं सांगितलं आणि हारूचा निरोप वाचला. मग मोतीबाई म्हणाली, "तिचे हात बरे होत परेंत आपले हात काय करतीन?" तिथंच ठरलं. आता रोज वेचणीनंतर प्रत्येकीनं आपली ओटी पांढऱ्या धोतरावर रिकामी करायची, आणि तिच्या कापसातून दुसरीनं हात फिरवायचा. स्वतःचा स्वतः तपासायचा नाही, कारण आपला माल आपल्याला निर्मळच दिसतो. पहिल्या दिवशी काय काय निघालं सांगू? बांगड्यांच्या काचा, गोणपाटाचे धागे, गळ्यातल्या पोतीचे मणी, केसांची गुंतवळ, एक कानातलं, आणि माझ्याच ओटीतून सुपारीचं खांड. इतकी वर्षं हे सगळं आपण सातासमुद्रापार पाठवत होतो आणि फुशारक्या मारत होतो.

सोबत रजई पाठवते आहे, टपालानं. कापूस पहिल्या वेचणीचा, चाळीस जणींनी हातानं निवडलेला. पिंजला आणि भरला जमशेदनं. टाके लतीफानं घातले. भाजल्या हातांना मऊ लागेल. हारूला दे आणि सांग, दुसऱ्या टोकाला कोण आहे ते आता आम्हांला ठाऊक झालं. आणि खडा परत पाठवायचा असेल तर पाठव म्हणावं, ठेवायचा असेल तर तिचा.

आता आशीर्वाद घे.

प्रयागबाई


कोबे
२० एप्रिल १९२८

तीर्थरूप मावशीस साष्टांग नमस्कार.

तुझा कागद पेढीवर पोचला तेव्हा मुनीमजींनी तो दोनदा वाचला आणि मला विचारलं, ही बाई तुझी कोण? मी सांगितलं. ते म्हणाले, आम्ही वीस वर्षं कापसाचा धंदा करतो, मालात खोट निघाल्यावर आपणहून नाव घालून कळवणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं. मावशी, त्या दिवशी मी कोबेच्या रस्त्यानं असा चाललो की जणू बंदर माझ्या बापाचं.

गिरणीनं पन्नास गाठी तपासायला मागवल्या होत्या. काल त्या फोडल्या. साहेब होता, मी होतो, आणि हारू होती. ती आता यंत्रावर नाही. माल तपासणाऱ्या टेबलावर तिला बसवलं आहे, कारण ती सगळ्यांत बारकाईनं पाहते. पन्नास गाठी, मावशी. काच नाही, धागा नाही, केस नाही. साहेबानं माझ्याकडं पाहून मान लववली. मी म्हटलं, मला नको, आसेगावला. कुठल्या दिशेला, असं त्यानं विचारलं. मी पश्चिमेकडं बोट दाखवलं, आणि त्यानं त्या बाजूला तोंड करून पुन्हा मान लववली.

रजई दिली तेव्हा हारूनं आधी ती मांडीवर पसरली आणि न वळणाऱ्या बोटांसकट दोन्ही हातांनी इंच इंच चाचपली. मी विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, खडा. आणि इतकी हसली की शेजारच्या मुली धावत आल्या. मग रजई गालाला लावून बसली.

खडा तिनं ठेवून घेतला आहे. नव्या वर्षाला गावी गेली तेव्हा भाताच्या वाटेवरच्या जिझोशेजारी तिनं तो बसवला. रजईच्या किनारीतून चिंधीभर लाल कापड काढून त्याच्या गळ्यात बांधलं. तिची आई रोज दोघांपुढं मूठभर भात ठेवते. दहीभात नाही, पण भात आहे.

तुझा
इंद्रभान


आसेगाव
१८ नोव्हेंबर १९२८

चिरंजीव इंद्रभान यास आशीर्वाद, आणि हारूस आशीर्वाद. तिला कसं सांगायचं ते तू पाहा.

तुझं पत्र मी अजून ओसरीवर वाचते. आता फक्त आसेगाव येत नाही. रिसोडकडच्या आणि कामरगावच्या टोळ्यांतल्या बायका पांढऱ्या धोतराची पद्धत पाहायला आल्या होत्या, त्यांनाही ऐकवलं. पुंजाजीनं यंदा कापसावर पाणी मारलं नाही. मी काही बोलले नाही. त्यानंच बंडी थांबवून मूठभर कापूस माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "पाह्य पियून. थेंब निंगते का?" पिळून पाहिला. कोरडा होता.

काल सीतादही झाली. पराटीखाली चार खडे मांडतो आता, आणि मधली जागा शेंदूर लावून रिकामी ठेवतो. नैवेद्य मात्र पाच. पुंजाजीची नवी सून पहिल्यांदाच वेचणीला आली होती. तिनं मोजलं आणि तिला वाटलं, आम्ही म्हाताऱ्या चुकलो. हळूच विचारलं, "पाचवा खडा कोठी हाये?"

मी सांगणार होते, पण मोतीबाईनं आधीच उत्तर दिलं. पदर सावरून, मान वर करून, सगळ्या शेताला ऐकू जाईल असं म्हणाली, "जपानात. तिकडं आपली एक पोरगी हाये. तिच्यापाशी."

मग चाळीस जणींनी उगवतीकडं हात जोडले आणि आम्ही वेचायला लागलो.

तुझी मावशी
प्रयागबाई